कारागीर लक्ष्मणराव किर्लोस्कर

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या पट्ट्यातील औद्योगिक वसाहतींमधून जाताना एखाद्या लहानशा कारखान्याचे दार उघडे दिसते. आत तेलाचा उग्र वास भरलेला असतो, जमिनीवर लोखंडाचा कुरळा, चकाकता कीस पसरलेला असतो आणि कोपऱ्यात एक यंत्र एकाच लयीत फिरत असते. हे यंत्र म्हणजे लेथ. गावोगावचे कातारी लाकूड फिरवून त्यावर पटाशी धरतात आणि लाटणी, भोवरे, पाळण्याचे खांब कातून काढतात. लेथ हेच काम लोखंडावर करतो. मात्र कातारी पटाशी हातात धरतो आणि डोळ्यांच्या अंदाजाने ती पुढेमागे करतो. लेथवर कापणारे हत्यार यंत्रालाच पक्के बसवलेले असते आणि यंत्राच्या पाटावरून ते सरळ रेषेत सरकते. या सरळ रेषेवरच लेथची सारी करामत अवलंबून असते.

लोखंडाची कांब दोन टोकांना दोन टोकदार केंद्रांमध्ये धरलेली असते. या दोन केंद्रांना जोडणारी रेषा आणि हत्यार सरकण्याची रेषा या अगदी समांतर असाव्या लागतात. शेवटचे केंद्र एका केसाइतके जरी बाजूला सरकले, तरी कांबेच्या त्या टोकाच्या जाडीत दोन केसांइतका फरक पडतो आणि कांब गाजरासारखी निमुळती होते. कित्येकदा दोष केंद्रांत नसतोच. यंत्र ज्या जमिनीवर बसवले ती एका कोपऱ्यात खचलेली असते, किंवा पायाचे बोल्ट कमीअधिक आवळलेले असतात. त्यामुळे एवढा जाड ओतीव पाटही डोळ्यांना न दिसेल इतका पिळला जातो. नवखा कारागीर अशा वेळी हत्याराला धार लावीत बसतो, लोखंडाला नावे ठेवतो, कांब बदलतो. आणि नवी कांबही तशीच निमुळती निघते. जाणता कारागीर पाटावर पाणसळ ठेवतो, पायाखाली पत्र्याच्या पातळ पट्ट्या सारतो, एक कांब कातून तिची दोन्ही टोके मोजतो, पुन्हा पट्टी बदलतो, पुन्हा मोजतो. चूक जेथे दिसते तेथे ती नसते, हे यंत्रशाळेतील पहिले आणि सर्वांत अवघड ज्ञान होय. ते पुस्तकातून सहसा येत नाही. बिघडलेल्या कामांच्या ढिगाऱ्यातून येते.

आज अशी यंत्रे गल्लीबोळांतून फिरत असली, तरी सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रात ती विरळाच होती. रेल्वेच्या, गिरण्यांच्या आणि गोदीच्या यंत्रशाळांत ती असत. परंतु ती परदेशातून आलेली असत आणि ती चालविण्याची विद्या शिकावी, असे पांढरपेशा घरातील मुलांना क्वचितच वाटे. त्या काळात एका शास्त्रीपरंपरेच्या घरातील मुलाने ही विद्या आपलीशी केली. त्याचे नाव लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. मराठी संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी होते. मुलाने आपल्याच मार्गाने जावे, निदान शाळेतील अभ्यासात तरी मन घालावे, अशी त्यांची साहजिक इच्छा होती. परंतु या मुलाचे मन पुस्तकांत रमत नव्हते. चित्रे काढावीत आणि यंत्रे उघडून पाहावीत, ही त्याची दोन वेडे होती. त्या काळच्या घरांतून या दोन्ही वेडांना फारशी प्रतिष्ठा नव्हती. अखेर 1885 साली वडिलांची मर्जी नसतानाही लक्ष्मणराव मुंबईस गेले आणि सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत चित्रकला शिकू लागले. खर्चाचा भार थोरले बंधू रामूअण्णा यांनी उचलला. या रामूअण्णांचे नाव फारसे घेतले जात नाही. परंतु धाकट्या भावाच्या प्रत्येक धाडसामागे ते भिंतीसारखे उभे राहिले.

कलाशाळेत दोन वर्षे गेली आणि एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. लक्ष्मणरावांना काही रंगांतील भेद नीट ओळखता येत नव्हता. त्यांचे डोळे अधू नव्हते, हात कुशल होता, रेषा नेमकी होती. परंतु रंगांच्या बाबतीत डोळेच दगा देत होते. चित्रकार होण्याच्या ईर्ष्येने घर सोडलेल्या अठरा वर्षांच्या तरुणाला याहून मोठा आघात कोणता असणार? परंतु लक्ष्मणरावांनी आपल्या हातातील गुण आणि डोळ्यांतील दोष हे वेगवेगळे करून पाहिले. रंग फसवीत असले, तरी रेषा फसवीत नव्हती. त्यांनी रंगकाम सोडले आणि त्याच संस्थेत यांत्रिक रेखाटनाचा अभ्यास चालू ठेवला. यंत्राच्या चित्रात रंगाला महत्त्व नसते. तेथे प्रत्येक रेषेला माप असते आणि कागदावरील रेषा चुकली की पुढे लोखंड चुकते.

या कौशल्यामुळे त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत यांत्रिक रेखाटनाच्या साहाय्यक शिक्षकाची जागा मिळाली. ही संस्था 1887 साली स्थापन झाली होती आणि त्या वेळी ती भायखळ्यास होती. शिक्षकाने वर्गात आकृत्या शिकवाव्यात आणि घरी जावे, एवढीच अपेक्षा होती. लक्ष्मणराव मात्र मोकळा वेळ संस्थेच्या यंत्रशाळेत घालवू लागले. कागदावर यंत्र रेखाटणारी माणसे त्या काळी थोडी होती; पण रेखाटणारा आणि यंत्राच्या तेलात हात बुडविणारा असा एकच माणूस आणखी दुर्मीळ होता. यंत्र उघडायचे, त्याचा प्रत्येक भाग कशासाठी आहे हे समजून घ्यायचे, ते पुन्हा जोडायचे आणि जोडल्यावर ते चालले नाही तर का चालले नाही याचा शोध घ्यायचा, असे शिक्षण त्यांनी स्वतःलाच दिले.

त्याच सुमारास मुंबईच्या रस्त्यावर त्यांनी सायकल पाहिली. दोन चाकांवर तोल सांभाळीत जाणारा माणूस ही तेव्हा नवलाची गोष्ट होती. लक्ष्मणरावांनी या नवलात धंदा पाहिला. 1888 साली बेळगावात ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ या नावाने सायकलींचे दुकान निघाले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली धाडीत आणि रामूअण्णा त्या बेळगावात विकीत. एक सायकल सातशे ते हजार रुपयांना पडे. ही रक्कम त्या काळी केवढी मोठी होती हे सांगावयास नको. सायकल घेणाऱ्याला ती चालविता येत नसे, म्हणून रामूअण्णा पंधरा रुपये घेऊन शिकवीतही असत. पुढे ज्या रस्त्यावर हे दुकान होते त्याला किर्लोस्कर रस्ता असे नाव पडले.

मुंबईची नोकरी फार काळ टिकली नाही. बढतीची वेळ आली तेव्हा ती जागा लक्ष्मणरावांना न मिळता एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला मिळाली. गुणापेक्षा वर्ण वरचढ ठरावा, हे त्यांच्या स्वाभिमानास मानवले नाही. त्यांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावास परतले. पगाराची नोकरी सोडून लोखंड कुटण्याचा उद्योग आरंभणाऱ्या या ब्राह्मण तरुणाकडे लोक कोणत्या नजरेने पाहत असतील, याची कल्पना करणे कठीण नाही.

बेळगावच्या छोट्या कारखान्यात त्यांनी शेतकऱ्यांच्या उपयोगाची अवजारे बनवावयास घेतली. पहिले महत्त्वाचे यंत्र कडबा कापण्याचे. जोंधळ्याचा लांब कडबा गुरांपुढे तसाच टाकला, तर ती पाने खातात आणि ताटे तुडवून टाकतात. बारीक तुकडे केले तर सारा चारा पोटात जातो. दुष्काळी मुलखात या बचतीचे मोल फार होते. यंत्र दिसावयास साधे होते. एक जड चाक, त्याच्या आरांवर बसविलेली वाकडी पाती, आणि चारा पुढे सरकविण्याचे तोंड. पण या साध्या यंत्राचे सारे इमान चाकाच्या मधल्या आसात असते. आस जर लेथवर खरा कातला गेला नाही, तर चाक डुलते. चाक डुलले की पाते एकदा तोंडाला घासते आणि एकदा त्यापासून दूर राहते. मग कडबा कापला न जाता चावल्यासारखा चुरगळतो. शेतकऱ्याला पात्याची धार बोथट वाटते. तो धार लावतो, चार दिवस बरे चालते, आणि पुन्हा तीच रड. दोष पात्यात नसतो, आसात असतो. आणि आसातील दोष, तो कातणाऱ्या लेथच्या पाटातून आलेला असू शकतो. एका यंत्राची चूक अशी दुसऱ्या यंत्रात उतरते आणि शेवटी एखाद्या गोठ्यात गुराच्या तोंडापुढे जाऊन पोहोचते. हाताने यंत्रे घडविणाऱ्याला हा सारा माग उलट्या पावलांनी काढावा लागतो.

कडबा कापण्याच्या यंत्रानंतर आला लोखंडी नांगर. आणि या नांगराने लक्ष्मणरावांची खरी परीक्षा घेतली.

आपल्याकडील लाकडी नांगर जमीन फाडीत असे, पण ती उलथीत नसे. काळ्या रानात खोल मुळ्या धरून बसलेली हरळी आणि कुंदा त्याला दाद देत नसत. परदेशी लोखंडी नांगर मातीचा थर खालून उचलून पालथा घालीत, त्यामुळे तणाच्या मुळ्या उन्हात पडून करपत. हे लक्ष्मणरावांनी ओळखले. परंतु परदेशी नांगर हुबेहूब उतरवून भागणारे नव्हते. अवजार ज्या मातीत चालावयाचे, त्या मातीला आणि ते ओढणाऱ्या बैलांना ते मानवले पाहिजे, असा त्यांचा कटाक्ष होता. फाळाचे कामही कठीणच. ओतीव लोखंड कडक असते, पण ठिसूळही असते. मऊ ठेवावे तर ते मुरमाड रानात चार दिवसांत झिजते, आणि सर्वस्वी कडक करावे तर दगडाला लागून मोडते. फाळाचा वरचा थर तेवढा कडक आणि आतला गाभा चिवट राहावा, यासाठी साच्याच्या एका अंगाला लोखंडी तुकडा ठेवून ओतलेल्या रसाला तेथे एकाएकी निववावे लागते. हे एका वाक्यात सांगता येते. साधण्यासाठी मात्र अनेक फाळ भट्टीत परत टाकावे लागतात.

नांगर तयार झाले, आणि कोणी ते घेईना. लोखंडाने जमिनीला विष चढते, रान नापीक होते, अशी समजूत शेतकऱ्यांत रूढ होती. पहिला नांगर विकला जाण्यास तब्बल दोन वर्षे लागली. या दोन वर्षांचा विचार केला पाहिजे. भांडवल तुटपुंजे, त्यातले बरेचसे लोखंडाच्या रूपाने कारखान्यात गंजत पडलेले, कामगारांची मजुरी थकविणे शक्य नाही, आणि ज्यांच्यासाठी अवजार घडविले तेच त्याच्याकडे संशयाने पाहत आहेत. शेतकरी अडाणी आहेत असे म्हणून हात झटकणे सोपे होते. परंतु शेतकऱ्याची भीती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. एका हंगामाची चूक त्याला सावकाराच्या दारात उभी करीत असे. त्याला वाद नको होता, उलथलेले रान आणि त्यावर आलेले पीक पाहावयाचे होते. लक्ष्मणराव आणि त्यांचे सहकारी आपल्या अवजारावर ठाम राहिले. पहिला नांगर गेला, मग दुसरा गेला, आणि हळूहळू शेजारचे रान पाहून लोक विचारपूस करू लागले.

धंदा असा कुठे मूळ धरीत होता, तोच दुसरे संकट उभे राहिले. बेळगाव नगरपालिकेच्या निर्बंधांमुळे कारखान्याला तेथे राहणे अशक्य झाले. यंत्रे उखडून न्यावयाची तर कोठे न्यावयाची? यंत्रशाळा हलविणे म्हणजे घर बदलणे नव्हे. महिनोन् महिने खपून बसविलेली, सांधलेली, एका रेषेत आणलेली यंत्रे पायापासून सुटी करावयाची आणि नव्या जमिनीवर तो सारा उद्योग पहिल्यापासून करावयाचा.

अशा वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीस आले. ते स्वतः चित्रकार होते आणि गुणी माणसांची त्यांना पारख होती. त्यांनी दहा हजार रुपयांचे कर्ज आणि कुंडल रोड स्थानकाजवळची बत्तीस एकर जमीन लक्ष्मणरावांना दिली. ही जमीन म्हणजे निवडुंगाचे रान होते. नागसापांचा तेथे सुकाळ होता आणि पाण्याचा दुष्काळ. 1910 साली पंचवीस कामगार आपल्या कुटुंबांसह या माळावर आले. निवडुंग तोडून जागा केली, झोपड्या उठल्या, कारखान्याचे छप्पर उभे राहिले. रामूअण्णांनी वसाहतीची व्यवस्था अंगावर घेतली. शंभूराव जांभेकर, मंगेशराव रेगे असे निष्ठावंत सहकारी लक्ष्मणरावांना लाभले. वसाहतीच्या रात्रीच्या राखणीसाठी त्यांनी एके काळी दरोडेखोरीच्या गुन्ह्यात शिक्षा भोगलेली माणसे नेमली. लोकांना हा वेडेपणा वाटला. पण ज्यांच्यावर विश्वास टाकला त्यांनी तो राखला. अस्पृश्यतेलाही या वसाहतीत थारा नव्हता, आणि 1910 च्या सुमारास असे वागणे हे नांगर विकण्याहून सोपे नव्हते.

या माळाचे नाव किर्लोस्करवाडी पडले. पुढे कुंडल रोड स्थानकालाही तेच नाव मिळाले.

1914 साली पहिले महायुद्ध सुरू झाले. परदेशी अवजारांची आयात मंदावली आणि देशी नांगरांना मागणी वाढली. पण त्याच वेळी लोखंड आणि कोळसाही मिळेनासा झाला. मागणी आहे आणि माल घडविण्यास कच्चे लोखंड नाही, अशी ती विचित्र कोंडी होती. तेव्हा कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी आपल्या संस्थानातील जुन्या, निकामी झालेल्या तोफा कारखान्याला दिल्या. त्या वितळवून त्यांच्या लोखंडाचे नांगर ओतण्यात आले. एके काळी गडाच्या बुरुजावरून गर्जना केलेले लोखंड असे शेतकऱ्याच्या बांधावर येऊन पोहोचले.

नांगराच्या मागोमाग उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, हातपंप अशी अनेक अवजारे वाडीत बनू लागली. 1920 साली लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक सुरू केले. कारखान्याची बातमीपत्रिका म्हणून जन्मलेले हे पत्र पुढे मराठीतील एक नामांकित मासिक झाले. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत यंत्रशास्त्र शिकून 1926 साली परतले. त्याच सुमारास कारखान्यात पाणी उपसण्याचे केंद्रोत्सारी पंप तयार होऊ लागले. या पंपात पाणी फेकणारे चक्र एका आसावर वेगाने फिरते. कडबा कापण्याच्या चाकाला जो डौल थोडाफार खपून जाई, तो येथे मुळीच खपत नाही. आस रेसभर वाकडा असला तरी पंप थरथरतो, आधार तापतात, पाणी गळते. नांगरापासून पंपापर्यंतचा प्रवास हा वस्तुतः सुताच्या मापापासून केसाच्या मापापर्यंतचा प्रवास होता. जे कामगार वाडीच्या माळावर निवडुंग तोडीत आले होते, त्यांच्यातील अनेकांना हा प्रवास लक्ष्मणरावांबरोबर पायीच करावा लागला. त्यांना शिकविण्यासाठी दुसरी शाळा नव्हती.

सर्वच प्रयत्नांना यश आले असे नाही. 1929 साली महात्मा गांधींच्या प्रेरणेने अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. अटी कडक होत्या. चरखा हलका असावा, खेड्यातील झोपडीत एका बाईला फारसा शीण न होता आठ तास चालविता यावा, त्याची किंमत दीडशे रुपयांहून अधिक नसावी, आणि मोठ्या दुरुस्तीवाचून तो वीस वर्षे टिकावा. किर्लोस्करवाडीतही असा चरखा तयार करण्यात आला आणि तो परीक्षेसाठी धाडण्यात आला. बराच पैसा आणि बुद्धी त्यात खर्ची पडली होती. परंतु साऱ्या अटी पुऱ्या झाल्या नाहीत, आणि ते बक्षीस अखेरपर्यंत कोणालाही मिळाले नाही. कारखान्यात यंत्र चालविणे आणि जेथे कोसभर अंतरात मिस्त्री नाही अशा झोपडीत यंत्र चालते ठेवणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. कुशल यंत्रज्ञांच्या कारखान्यात घडलेल्या वस्तूला मिस्त्रीची गरज भासणे हे तसे स्वाभाविकच होते.  लक्ष्मणरावांच्या चरित्रात त्याला जागा द्यावी असा तो प्रयत्न होता.

इतकी वर्षे कारखान्यात जे जे लेथ चालत ते विदेशी बनावटीचे असत. यंत्रे बनविणारे यंत्र जोवर परक्याकडून आणावे लागते, तोवर कारखानदारी अर्धीमुर्धीच राहते. लेथ बनविणे म्हणजे नांगर बनविणे नव्हे. कारण नवा लेथ ज्या जुन्या लेथवर आणि रंध्यावर घडतो, त्यांचे दोष नव्यात उतरू पाहतात. ते उतरू नयेत म्हणून पाटाचा पृष्ठभाग शेवटी हातानेच खरवडावा लागतो. सपाट फरशीला रंग लावून ती पाटावर घासावयाची, जेथे रंग उमटेल तेवढाच उंचवटा हत्याराने खरवडावयाचा, पुन्हा रंग लावावयाचा. असे शेकडो वेळा. तरुणपणी ज्यांना रंगांनी फसविले, त्यांच्या कारखानदारीला अखेर रंगाच्या ठिपक्यांवरूनच सपाटीची खात्री करून घ्यावी लागावी, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. 1941 साली मैसूर संस्थानातील हरिहर येथे ‘मैसूर किर्लोस्कर’ हा कारखाना स्थापन झाला आणि तेथे लेथ तयार होऊ लागले. दुसऱ्या महायुद्धामुळे परदेशी यंत्रे दुर्मीळ झाली होती, तेव्हा या लेथांनी देशातील अनेक यंत्रशाळांची गरज भागविली. लक्ष्मणराव त्या वेळी सत्तरी ओलांडून गेले होते. 1946 साली पुण्यास तेल-इंजिनांचा आणि बंगळूरला विजेच्या यंत्रांचा असे आणखी दोन कारखाने निघाले. ते उभारण्याचे श्रम पुढच्या पिढीने केले.

लक्ष्मणरावांचे 26 सप्टेंबर 1956 रोजी निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीच्या दिवशी, 20 जून 1969 रोजी, भारत सरकारच्या टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात आहे आणि तेथे पंप तयार होतात. हरिहरचा लेथचा कारखाना मात्र पुढे बंद पडला. तेथे बनलेले जुने लेथ अजूनही हातोहात विकले जातात. एखाद्या लहान कारखान्याचा मालक असा लेथ घेऊन येतो, चार माणसे तो पहारींनी सरकवीत जागेवर आणतात, आणि पट्टा चढविण्यापूर्वी कोणीतरी त्याच्या पाटावर पाणसळ ठेवून खाली वाकून पाहतो.